प्रेपी स्टाइल ही फक्त अमेरिकेतल्या श्रीमंत मुलांचीच असते का?

तुम्ही विचारलंय की मुलगी ऑगस्टमध्ये बोस्टनला कॉलेजला निघाली आहे, इन्स्टाग्रामवर बघून तिला प्रेपी कपडे (म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या खासगी शाळा-कॉलेजांच्या ढंगाचे) हवेत, पण हा सगळा श्रीमंत गोऱ्या मुलांचा मामला आहे, तर आपल्या मुलीने ते घालावेत का? खुशाल घालू द्या. मी कनेक्टिकटमध्ये राहतो, हे कपडे रोज बघतो आणि आवडीने घालतोही. श्रीमंतांचं म्हणाल, तर ते अर्धंच खरं आहे.

खरं अर्ध आधी सांगतो. अँडोव्हर (१७७८), एक्सेटर (१७८१) यांसारखी जुनी बोर्डिंग स्कूलं मुलांना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसाठी तयार करायची. ब्लेझर आणि टाय तिथले. सुट्टीत शिडाची होडी आणि टेनिस, म्हणून ओल्या डेकवर न घसरणारे टॉप-सायडर बूट (१९३५) आणि मगरीवाला पोलो शर्ट. खाकी पँट मात्र फौजेतून आली. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजात शिकायला लागले, ते आपल्या खाकी पँटी घालूनच.

नव्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: हे कपडे जुने दिसावे लागतात. कॉलरची कड विरलेली, लोफर दोनदा तळ बदललेले, ब्लेझर वडिलांचा. बोस्टनच्या दक्षिणेला समुद्रात असलेल्या नँटकेट बेटावर एक लाल कॅनव्हासची पँट मिळते. ती धुऊन धुऊन फिकट गुलाबी झाली की मगच लोकांना ती घालण्याजोगी वाटते. पैसा दाखवायचा नाही, पण तो आजोबांपासून आहे एवढं समोरच्याला कळलं पाहिजे, असा त्यातला हिशोब. मला हा भाग मनापासून खटकतो, कारण बाहेरचा कोण ते ओळखायची ती सोय होती. येल आणि प्रिन्स्टनने पदवीच्या वर्गांत मुलींना घेतलं ते १९६९ मध्ये. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या तर कित्येक वर्षं मुद्दाम आटोक्यात ठेवली जायची.

आणि गंमत अशी की हे कपडे शिवले, विकले, टिकवले ते बऱ्याच अंशी याच बाहेरच्यांनी. येलच्या पोरांना सूट शिवून देणारं जे. प्रेस हे दुकान १९०२ मध्ये न्यू हेवनमध्ये काढलं लात्वियातून आलेल्या जेकोबी प्रेस या ज्यू शिंप्याने. या स्टाइलचा सगळ्यात प्रसिद्ध डिझायनर राल्फ लॉरेन हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्यू स्थलांतरिताचा मुलगा. कृष्णवर्णीय जॅझ वादक माइल्स डेव्हिस १९५० च्या दशकात बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या दुकानातून असे कपडे घ्यायचा, आणि त्याच्या अंगावर ते जेवढे खुलले तेवढे कुठल्या बँकरच्या मुलावर खुलले असतील असं मला वाटत नाही. जपान्यांनी तर १९६० च्या दशकात ही स्टाइल इतकी बारकाईने उचलली की पुढे अमेरिकन दुकानदार त्यांची पुस्तकं उघडून बघू लागले.

आपलाही धागा आहे यात, अगदी शब्दशः. उन्हाळ्यात ही मुलं जो रंगीबेरंगी चौकटींचा शर्ट घालतात तो मद्रास. मूळचं हे हातमागाचं सुती कापड, वनस्पतींपासून केलेले रंग, धुतले की एकमेकांत मिसळणारे. रंग जाणं हा दोष न मानता तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून अमेरिकेत त्याची जाहिरात झाली. आणि ज्याच्या नावावरून येल विद्यापीठ आहे तो इलायहू येल मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्याने पाठवलेल्या मालाचे गठ्ठे विकून कॉलेजला ५६२ पौंड मिळाले, म्हणून १७१८ मध्ये त्याचं नाव लागलं. तेव्हा तुमच्या मुलीने मद्रास घातलं तर ते उसनं वाटायचं काहीच कारण नाही.

आता खरेदीचं. एकच गोष्ट नीट घ्या: ऑक्सफर्ड कापडाचा (जाडसर विणीचं सुती कापड) बटन-डाउन शर्ट. कॉलरची दोन्ही टोकं छोट्या बटनांनी शर्टला धरलेली असतात. चांगल्या शर्टात आत कडक कॅनव्हास नसतो, त्यामुळे बटनं लावली की कॉलर सपाट न बसता हलका फुगीर बाक घेते. दुकानात तो बाक बघायचा, लेबल नंतर. वेलस्ली आणि स्मिथ या मुलींच्या कॉलेजांतल्या मुली पूर्वी पुरुषांचेच शर्ट बाह्या दुमडून घालायच्या, तेव्हा पुरुषांच्या विभागातही शोधा. पुण्याहून नवं काही नेऊ नका. बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांची दुकानं भरपूर आहेत, आणि या स्टाइलला जुनाच माल शोभतो. फक्त खांदे मापात हवेत, बाकी सगळं शिंपी सांभाळतो.

त्यातून वाचलेले पैसे बीन बुटांना ठेवा. खाली रबर, वर चामडं, मेन राज्यात १९१२ पासून बनतात. जानेवारीत रस्त्यावर बर्फाचा चिखल होतो, त्यात पाय कोरडे ठेवणारं दुसरं काही तिला लवकर सापडणार नाही. लोकरीचे जाड मोजे घालूनच माप घ्यायला सांगा.