बॅटरी येण्याआधी घराची तयारी

प्रश्न : आमचे घर नागपुरात मानेवाडा भागात असून बांधकाम १९९४ सालचे आहे. आईला वर्षभरापासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीच्या वादळांत रात्री दोन-तीन तास लाइन गेली की आमचा जीव टांगणीला लागतो. जुना इन्व्हर्टर काढून ५ युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी घ्यायचे ठरले आहे. विक्रेत्याने जिन्याखालची जागा सुचवली आहे आणि दोन तासांत काम होईल असे सांगितले आहे. त्याआधी आम्ही घरात काय करून घ्यावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बॅटरी भिंतीशी बसवायला दोन तास पुरतात हे खरे आहे, परंतु तीस वर्षांच्या घराचे वायरिंग तिच्यासाठी तयार करायला दोन दिवस लागू शकतात, आणि ते दोन दिवस आपण आधीच काढावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रथम जागेविषयी. जिन्याखाली बॅटरी ठेवू नये. काही बिघाड होऊन धूर झाला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसांची उतरण्याची वाटच बंद होते. आईची खोली किंवा कोणाचीही झोपण्याची खोली याच कारणाने टाळावी. गच्चीवरची टिनाची खोली तर आपल्याकडे विचारातही घेऊ नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला २५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेकदा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते, आणि ती ओलांडली की बॅटरीतील नियंत्रक चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. नागपुरात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला रात्री नऊ वाजता हात लावला तरी ती तापलेलीच लागते. म्हणून तळमजल्यावरची उत्तरेची किंवा पूर्वेची, हवा खेळती असलेली भिंत निवडावी, तिथे साधा थर्मामीटर टांगून तीन दिवस दुपारी चार आणि रात्री नऊ वाजताचे आकडे वहीत लिहावेत, आणि मगच जागा पक्की करावी. कूलरच्या झोताची दिशाही पाहावी, कारण ती ओलसर हवा सतत लागली तर टर्मिनलवर गंज चढतो.

पाच युनिटच्या बॅटरीचे वजन साधारण ४५ ते ५० किलो असते. साडेचार इंची भिंतीवर ती टांगू नये. नऊ इंची भिंत नसल्यास लोखंडी स्टँडवर ठेवावी. स्टँड जमिनीपासून निदान दीड-दोन फूट उंच असावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले, हे आपल्या शहराने पाहिले आहे.

आता खरा प्रश्न, म्हणजे न्यूट्रलचा, अर्थात प्रवाह परत नेणाऱ्या वायरीचा. त्या काळातील बऱ्याच घरांत प्रत्येक सर्किटचा फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, वेगळा नेलेला असे, न्यूट्रल मात्र जिथे जवळ सापडेल तिथून घेतलेला असे. मागच्या वर्षी एका परिचितांच्या घरी स्विचबोर्ड उघडला, तेव्हा पाच काळ्या वायरी एकत्र पिळून टेपने गुंडाळलेल्या होत्या आणि तो टेप उष्णतेने कडक होऊन बोटांत चुरत होता. अशा घरात निवडक सर्किटे बॅटरीवर घेतली, की इन्व्हर्टरच्या फेजवरून गेलेला प्रवाह दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलमधून परत येतो. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, पडत राहतो. मग कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. तसे कदापि होऊ देऊ नका. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटांसाठी स्वतंत्र डीबी (सर्किटे वाटून देणारा बोर्ड) घ्यावा, त्यातील प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल मूळ बोर्डापासून वेगळा काढावा, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून जुन्या वायरिंगचे मेगर, म्हणजे वायरींच्या आवरणाची चाचणी, करून घ्यावे.

अर्थिंगची तपासणी शक्यतो उन्हाळ्यातच करावी. काळी माती मे महिन्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. ऑगस्टमध्ये ओल्या मातीत घेतलेले माप म्हणूनच दिशाभूल करते. रोध ५ ओहमच्या आत नसेल, तर नवा खड्डा घ्यावा. शिवाय लाइन गेल्यावर इन्व्हर्टर घराला बाहेरच्या पुरवठ्यापासून तोडतो, तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंग यांची जोडणी टिकते का, हे बसवणाऱ्याला स्पष्ट विचारावे. ती नसेल, तर आरसीसीबी असूनही शॉक लागताना तो पडेलच असे नाही.

बॅटरी आणि इन्व्हर्टर शेजारी-शेजारी असावेत, कारण ४८ व्होल्टवर ५ किलोवॉट भार म्हणजे शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह, आणि त्याला आखूड व जाड केबल लागते. त्या बाजूला डीसीसाठीचाच, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीचा, फ्यूज किंवा ब्रेकर हवा. घरातला साधा एमसीबी (प्रवाह वाढताच पडणारा स्विच) तिथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

क्षमतेचा हिशेब असा मांडता येईल. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉट, दोन पंखे १५०, कूलर २००, दिवे आणि राउटर मिळून ४० धरले, तर चार तासांत सुमारे ३ युनिट लागतात. गळती आणि थोडी शिल्लक धरून साडेतीन-पावणेचार. आपली ५ युनिटची निवड योग्य आहे, मात्र दीड टनाचा एसी या डीबीवर घेऊ नये. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा, असावा.

पूर्ण रक्कम देण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, आधी कॉन्सन्ट्रेटर सोडून इतर भार आणि मग आईला न लावता नुसता कॉन्सन्ट्रेटर असे निदान तासभर चालवून पाहा, आणि बदलाच्या क्षणी तो बंद पडून अलार्म देतो का ते ऐका. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर मात्र घरात ठेवावाच, आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरण्याची पद्धत घरातील दोघांना तरी यावी.

प्रश्न : आमच्या छतावर ३ किलोवॉटचे सोलर आहे. तरीही लाइन गेली की दिवसाही घर बंद पडते. यंत्रणेत दोष आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोष नाही. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर लाइन जाताच स्वतःहून बंद होतो, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये. लाइन गेल्यावरही दिवसा सोलर चालू ठेवायचे असल्यास हायब्रिड, म्हणजे सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. पीएम सूर्यघर योजनेचे ३ किलोवॉटसाठीचे ७८,००० रुपयांचे अनुदान सोलर संचासाठी आहे. बॅटरीचा खर्च वेगळा धरावा आणि इन्व्हर्टर बदलण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी.