‘ती स्वतः करते’ असं लिहिलंत का?

प्रश्न : ताई, आम्ही लेस्टरला राहतो. मुलगी 14 वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिला टाईप 1 मधुमेह निघाला. डायबेटिस नर्सच्या सांगण्यावरून डीएलएचा, म्हणजे 16 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण काय, तर ती इन्सुलिन स्वतः घेते, साखरही स्वतः बघते. सासूबाई म्हणतात, बरंच झालं, पोरीवर अपंगत्वाचा शिक्का नको, उद्या लग्नाचं काय? सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका. आधी पत्रावरची तारीख बघा. त्या दिवसापासून एका महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचा असतो.

माझ्या मुलाचा पहिला अर्ज भरला तेव्हा तो 13 वर्षांचा होता. मी अभिमानाने लिहिलं की तो सुई स्वतः टोचतो, भाकरीचे आणि वरणभाताचे कार्ब्स त्याला पाठ आहेत. परक्यासमोर लेकराचं उणं सांगायचं नाही, हेच आपल्या अंगवळणी पडलेलं. अर्ज नामंजूर झाला. तेव्हा आमच्या नर्सने एकच विचारलं, “रात्री साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजतो तेव्हा उठतं कोण?” तो कधीच उठत नसे. मी उठत होते.

तुमच्या अर्जात हेच यायला हवं. कायदा विचारतो की त्याच वयाच्या दुसऱ्या मुलीपेक्षा तुमच्या मुलीला बरीच जास्त देखभाल किंवा देखरेख लागते का. सुई तिने टोचली तरी डोस कोण पडताळतं? जेवणाआधी इन्सुलिन घेतलंस का, हे कोण विचारतं? आठवण करणं, लक्ष ठेवणं हीसुद्धा देखभालच. वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही, डोस सारखे बदलतात, आणि नेमकं याच वयात मैत्रिणींसमोर इन्सुलिनचा पंप बाहेर काढायची लाज वाटून डोस चुकवले जातात. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीपेक्षा चौदाच्या मुलीवर जास्त लक्ष ठेवावं लागू शकतं. तुमच्याकडे तसं होत असेल तर लिहा. आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, चांगलं असेल तर ते कोणाच्या जागरणामुळे, तेही लिहा.

उशाशी वही ठेवा. माझ्या वहीतली एक नोंद (इथल्या mmol/L मापात, 4 च्या खाली म्हणजे साखर कमी) : ‘रात्री 2.10, साखर 3.4, ज्यूस दिला. 2.25 ला 3.7, पुन्हा ज्यूस. 2.45 ला 5.1. झोपले.’ रात्री साधारण 20 मिनिटं किंवा दोनदा उठावं लागणं मोजलं जातं. दोन आठवड्यांच्या नोंदी, नर्सचं पत्र आणि शाळेचा केअर प्लॅन जोडा. तरीही नकार आला तर पुढच्या एका महिन्यात ट्रायब्यूनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करा. त्याला फी नाही. लोकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसची मदतही फुकट मिळते.

एक गोष्ट तुम्ही कळवलेली नाही, ती म्हणजे व्हिसा. मुलीच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट असेल तर आधी इमिग्रेशन सल्लागाराशी बोला, कारण डीएलए पब्लिक फंड्समध्येच मोडतो.

डीएलएच्या देखभालीच्या भागाचा मधला दर 2025-26 मध्ये आठवड्याला 73.90 पौंड होता. त्यावर कर नाही, घरचं उत्पन्नही बघत नाहीत. तो मिळाला आणि तुम्ही आठवड्याला 35 तास तिच्या देखभालीत घालवत असाल, तर केअरर्स अलाउन्स, म्हणजे देखभाल करणाऱ्याला मिळणारा भत्ता, तोही मागता येतो. मात्र तुमची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी; 2025-26 मध्ये ती आठवड्याला 196 पौंड होती.

सासूबाईंवर रागावू नका. सांगलीत माझ्या भाचीलाही टाईप 1 आहे. भारताच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत हा आजार नाहीच, त्यामुळे असा काही भत्ता असतो हेच तिकडे कुणी ऐकलेलं नसतं. त्यांना एवढं सांगा की मंजुरीचं पत्र घरी येतं, ते कुणाला दाखवायचं हे तुमच्या हातात. आणि एका रात्री अलार्म वाजेल तेव्हा त्यांनाही उठवा.

16 पूर्ण झाल्यावर तिला ‘पिप’साठी, म्हणजे मोठ्यांसाठीच्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटसाठी, नव्याने अर्ज करावा लागेल. तिथले नियम वेगळे आहेत, मदतीच्या गरजेला गुण देऊन ठरवतात. नुसती इन्सुलिन आणि साखर तपासणीला मदत लागते एवढ्यावर पुरेसे गुण जमत नाहीत. म्हणून हा निकाल लागला तरी वही बंद करू नका.