लिहित्या वाचकांचे प्रश्न : विनोद आला की दुःख खोटं का वाटतं?

प्रश्न : माझ्या प्रेमकादंबरीची नायिका पस्तिशीतली विधवा. हस्तलिखित वाचलेल्या मैत्रिणी म्हणतात, विनोद आला की तिचं दुःख खोटं वाटतं. विनोद कमी करू का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : कमी करू नका, जागा बदला. तुमच्या प्रकरणांत हसवायचं काम शेजाऱ्याकडे आणि रडायचं नायिकेकडे आहे. म्हणून शेजारी दारात आला की दुःखाला सुट्टी मिळते. दोन्ही एकाच गोष्टीतून यायला हवं. समजा, पोदेर, म्हणजे दारावर येणारा पाववाला, रोज सहा उंडे, म्हणजे गोल पाव, देतो. नवरा गेला तरी ‘फाल्यांसावन चारूच दी’, उद्यापासून चारच दे, हे तिच्या तोंडून निघत नाही. उरलेल्या उंड्यांचा सासूबाई उपमा करतात. चौथ्या दिवशी सासरे ताटाकडे बघून ‘आयजूय?’ एवढंच विचारतात. वाचक हसेल, आणि उंडे का उरतात हे ठाऊक असल्यानं मध्येच थांबेलही. त्यापुढे ‘तिचे डोळे भरून आले’ लिहिलंत की सगळं बिघडलं. नायकाला आणायचा तर त्या दोन उंड्यांचं गिऱ्हाईक म्हणूनच आणा.

विनोदाचं वाक्य खोडून बघा. प्रसंग जराही हलला नाही तर ते वाक्य उपरं आहे, जाऊ द्या.

नव्या प्रेमाची वाट मोकळी व्हावी म्हणून गेलेल्या नवऱ्याला दारुडा केलाय, तेही काढा. असा माणूस गेल्याचं दुःख वाचकाला होत नाही, मग तोलायचं काय उरलं? त्याला चांगला ठेवा, थोडा विक्षिप्त ठेवा.

आणि शेवट. गोव्यात लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते: पहिली सही, मग हरकतींसाठी मुदत, मग दुसरी सही. तुमची जोडी एका दुपारी सगळं उरकून येते, म्हापशाचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. उलट ही मुदत तुमच्या फार कामाची आहे. अर्जासोबत पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो. तो घेऊन नायक-नायिका झेरॉक्सच्या रांगेत उभे आहेत, आणि दुकानदार विचारतो, ‘किती प्रती?’ हे एक पूर्ण प्रकरण आहे, दोन ओळींत संपवू नका.

प्रश्न : संवाद कोंकणीत ठेवले तर महाराष्ट्रातल्या वाचकाला कळतील? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ठेवा. वाक्यं आखूड असू द्यात आणि अर्थ समोरच्याच्या उत्तरातून कळू दे. कंसात अर्थ दिला की विनोद तिथेच मरतो.