शेजारच्या सत्यनारायणाला आणि गड्ड्याला ख्रिस्ती माणसानं जावं का?

शेजाऱ्यांकडे सत्यनारायण आहे, पुढं सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, अक्षता सोहळ्यालाही चला म्हणतात, ख्रिस्ती म्हणून जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते जावं. पूजेत मात्र भाग घेऊ नये, आणि कुठं थांबायचं ते घरून निघतानाच ठरवावं. तिथं गेल्यावर ठरवू म्हणाल तर भिडेपोटी आरतीचं ताट हातात येतंच.

सत्यनारायणात खरी गोची प्रसादाची. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे पंगतीतला आमटी-भात चालतो, ‘प्रसाद घ्या’ म्हणून हातावर ठेवलेला शिरा नाही. त्यात कथेतच प्रसाद न घेता धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडते, प्रसाद टाकून गेलेल्या तुंगध्वज राजाची मुलं जातात. त्यामुळं ऐन वेळी हात मागं घेतलात तर यजमानांना अपमानापेक्षा अपशकुनच जास्त वाटतो. आदल्या दिवशीच काकूंना सांगून टाका, “जेवायला नक्की येतो, प्रसाद तेवढा आम्ही घेत नाही.” आणि आरती उरकल्यावर, पंगतीच्या वेळेला जा. शुगर आहे, उपवास आहे असल्या थापा नकोत. पुढच्या पूजेला तीच थाप पुन्हा मारावी लागते.

अक्षतांचं जरा निराळं आहे. लग्नात मंगलाष्टकांना टाकतो त्या वधूवरांना आशीर्वाद म्हणून; त्यावरही मंडळीत (चर्चमध्ये) दोन मतं असतात, मला त्यात फार काही वाटत नाही. गड्ड्यात भोगीला संमती कट्ट्यापाशी मात्र सात नंदीध्वजांच्या (उंच, सजवलेल्या काठ्यांच्या) साक्षीनं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह लागतो, आणि तिथं पडणारा तांदूळ त्या विधीचाच भाग असतो. कडेला उभं राहून बाराबंदीतले (पांढऱ्या पारंपरिक पोशाखातले) मानकरी नंदीध्वज कसे पेलतात ते खुशाल बघा, गड्ड्यावर पाळण्यात बसा. मुठीत कुणी अक्षता दिल्या तर हळूच शेजारच्याला द्या.

यंत्रमागावर कामाला असाल तर खंडेनवमी येतेच. माग पुसणं, तेलपाणी करणं हे कामच आहे. नारळ फोडून हात जोडणं ही पूजा. झेंडूच्या माळेवरून मी वाद घालणार नाही. बायबलातल्या २ राजे, अध्याय ५ मधला अरामी सेनापती नामान आपल्या राजाला हाताचा आधार द्यायला रिम्मोन दैवताच्या देवळात वाकायचा आणि अलीशा संदेष्ट्यानं त्याला शांतीनं जाऊ दिलं, हा दाखला लोक इथं देतात. तो चाकरीत बांधलेल्याला लागू पडतो, हौसेनं जाणाऱ्याला नाही.

इफ्तारचा खजूर खा, नमाजाच्या रांगेत उभे राहू नका. बुद्धवंदनेला आदरानं उभे राहा, ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे त्रिशरण म्हणू नका. ‘शरण जातो’ हे तोंडानं म्हणणं म्हणजे कबुलीच.

घरात नुकताच बाप्तिस्मा घेतलेलं कुणी असेल तर त्याला बरोबर नेऊ नका, काही दिवस तुम्हीही टाळा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्याच ८ व्या अध्यायात पौलाला काळजी त्याचीच आहे: तुम्ही देवळात जेवायला बसलेले पाहून तो, मन खात असतानाही, नैवेद्याला हात घालेल.