पैगंबर, प्रमाण आणि सत्य : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वसतिगृहातल्या तुझ्या दोन मैत्रिणी, एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान, येशू कोण होते यावरून रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या, आणि वाद विकोपाला जाऊ नये म्हणून तू ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असे म्हणालीस, तर दोघींनी मिळून तुलाच विरोध केला, याचे तुला नवल वाटले आहे. मला त्यात नवल वाटत नाही. तुझा हेतू भला होता; पण त्या दोघींना आपापल्या श्रद्धेत जे सर्वांत मोलाचे वाटते, तेच तुझ्या त्या एका वाक्याने किरकोळ ठरवले. जी व्यक्ती आपल्याशी मतभेद दाखवते, ती निदान आपले म्हणणे ऐकते तरी. ‘तुमचे भांडण मुळात भांडणच नाही’ असे सांगणाऱ्याने दोघांचेही ऐकलेले नसते. म्हणून हा भेद नेमका कुठे आहे ते आधी पाहू, आणि त्यासाठी येशूंपेक्षा कमी वादाचे एक नाव घेऊ.

अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावी एक खडक आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची श्रद्धा अशी की संदेष्टे एलिया, ज्यांना ते ‘एलियाहू हन्नबी’ म्हणतात, ते येथे प्रकटले आणि अग्निरथातून वर गेले, आणि त्या खडकावरच्या खुणा त्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या आहेत. घाण्यावर तेल गाळणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला गेलेला हा समाज आजही नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी मलिदा करतो. पोह्यांत गोड घालून, ओले खोबरे आणि सुका मेवा मिसळून ताट भरायचे, भोवती फळे मांडायची, हिब्रू प्रार्थना म्हणायच्या आणि एलियाहू हन्नबींचे स्तवन गायचे. पोहे आणि नारळ कोकणातले, प्रार्थनेची भाषा इस्राएलची. ज्याला कोणाला धर्म हे नुसते सिद्धांतांचे गाठोडे वाटते, त्याने हा मलिदा एकदा पाहावा असे मला मनापासून वाटते.

याच एलियांना ख्रिस्ती आणि मुसलमानही मानतात. यहुदी परंपरेत ते मरण न पावता स्वर्गात गेले आणि परमेश्वराचा महान दिवस येण्यापूर्वी ते परत येतील, असे यहुदी धर्मग्रंथातल्या मलाखीच्या ग्रंथात म्हटले आहे; म्हणून वल्हांडण या यहुदी सणाच्या भोजनात त्यांच्यासाठी द्राक्षारसाचा एक पेला भरून ठेवतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतात की, तुमची मान्य करण्याची इच्छा असेल तर, जो एलिया येणार होता तो हा (बाप्तिस्मा करणारा) योहान होय. उलट योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, ‘तू एलिया आहेस काय?’, आणि तो ‘नाही’ म्हणतो. योहान एलियांच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने आला, या लूकच्या वचनाचा आधार घेऊन ख्रिस्ती भाष्यकारांनी याचा मेळ घातला आहे. कुराणात हेच ‘इलियास’ आहेत. बाल या दैवताला पूजणाऱ्या आपल्या लोकांना ते बजावतात, आणि आदमपासून सुरू होऊन नूह, इब्राहीम, मूसा, ईसा यांच्यातून महंमद पैगंबरांपर्यंत येणाऱ्या साखळीतले एक पैगंबर म्हणून मान पावतात. ही साखळी महंमदांपाशी पूर्ण झाली, त्यांच्यानंतर पैगंबर नाही, ही इस्लामची मूलभूत श्रद्धा आहे.

आता नीट पाहा. व्यक्ती एकच आहे आणि बाल पूजणाऱ्यांना तिने विरोध केला, ही कथाही समान आहे. पण एकाच्या दृष्टीने ती अजून यायची आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने तिच्याविषयीचे भाकीत पूर्ण झाले आहे, आणि तिसऱ्यासाठी ती पूर्ण झालेल्या साखळीतला एक दुवा आहे. ‘तिघेही एलियाला मानतात’ हे विधान खरे असले तरी त्यावर थांबणारा माणूस मुद्दा हातचा घालवून बसतो, कारण या तीन परंपरा ज्यावरून वेगळ्या झाल्या, तो काळाविषयीचा प्रश्न आहे: देवाचे सांगणे संपले की अजून चालू आहे, आणि संपले असेल तर कोणापाशी?

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे अहमदिया पंथाच्या इतिहासावरून कळते. 1889 मध्ये पंजाबातल्या मिर्झा गुलाम अहमद यांनी आपल्या अनुयायांची बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली; त्यांच्या पैगंबरपणाच्या दाव्यावरून बहुसंख्य मुसलमानांनी त्यांना इस्लामबाहेर मानले, आणि 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून त्यांच्या अनुयायांना बिगरमुस्लिम ठरवले. राज्यसंस्थेने कोणाच्या श्रद्धेचे असे मोजमाप करणे मला अन्यायाचे वाटते. पण ज्यांना हा सारा वाद शब्दांचा खेळ वाटतो, त्यांनी लक्षात घ्यावे की त्या लोकांची नागरिक म्हणून ओळखच त्या एका दाव्यावर ठरली.

येशूंच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू वधस्तंभावर मरण पावले आणि तिसऱ्या दिवशी उठले, आणि हे घडले नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे असे येशूंचा प्रेषित पौल याने स्वतःच लिहून ठेवले आहे. कुराणाच्या निसा या सूरेत (अध्यायात) म्हटले आहे की त्यांनी ईसांना ठार मारले नाही आणि सुळावरही दिले नाही, तर त्यांना तसा भास झाला. बहुतेक मुस्लिम भाष्यकारांनी ईसांच्या जागी दुसऱ्या कोणाला त्यांचे रूप मिळाले असा अर्थ लावला. अहमदिया मात्र म्हणतात की ते सुळावर चढवले गेले पण वाचले आणि पुढे नैसर्गिक मरण पावले. आता, ती व्यक्ती त्या दिवशी तेथे मेली की नाही, याचे उत्तर दोन्ही असू शकत नाही. येथे ‘दोघेही आपापल्या परीने बरोबर’ म्हणणे हे उदारपण नसून विचार सोडून देणे आहे. इतिहासाचे अभ्यासक येशूंना रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात देहदंड झाला हे जवळजवळ एकमताने स्वीकारतात, आणि टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही त्याचा उल्लेख केला आहे. पण येशू देवाचे पुत्र होते का, या प्रश्नावर इतिहासाचा अभ्यासक गप्प बसतो, आणि बसलाच पाहिजे. त्याच्या साधनांना तो प्रश्न पेलत नाही. घटना, तिचा अर्थ आणि तिच्यामुळे माझ्यावर येणारे कर्तव्य हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुझ्या मैत्रिणींच्या बोलण्यात ते तिन्ही एकमेकांत मिसळले होते, असे तुझ्या वर्णनावरून दिसते.

अशा वेळी आपल्याकडे स्याद्वादाचा, म्हणजे प्रत्येक विधान एका विशिष्ट दृष्टीनेच खरे असते या जैन मताचा, दाखला देण्याची सवय आहे. तो देताना जपून दे. जैन आचार्य सर्व विधाने सारखीच खरी आहेत असे म्हणत नाहीत. कोणत्या अपेक्षेने, म्हणजे दृष्टीने, एखादे विधान खरे आहे ती अपेक्षा स्पष्ट सांग, असे म्हणतात. शिवाय केवलज्ञान्याला, म्हणजे पूर्ण ज्ञान झालेल्याला, सत्य संपूर्ण दिसते, ही त्यांची ठाम श्रद्धा आहे.

पैगंबरांविषयीचा वाद मुळात कशाचा आहे, हे मला आग्र्याच्या 1854 मधल्या वादसभेवरून सर्वांत स्पष्ट कळते. 10 आणि 11 एप्रिल या दोन दिवशी जर्मन मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी समोरासमोर बसले. कैरानवींच्या मदतीला डॉक्टर वझीर खान होते. ते इंग्लंडला जाऊन आले होते आणि बायबलच्या पाठांची चिकित्सा करणारे युरोपीय विद्वानांचे ग्रंथ त्यांनी सोबत आणले होते. पाच विषय ठरले: आधीच्या ग्रंथांचे रद्द होणे, बायबलच्या पाठात फेरफार झाला का, त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती श्रद्धा), महंमदांचे पैगंबरत्व आणि कुराण. चर्चा झाली ती पहिल्या दोनच विषयांवर. पाठभेद आहेत हे फांडर यांना मान्य करावे लागले, मात्र त्यामुळे मूळ सिद्धांताला धक्का बसत नाही असे ते म्हणाले. कैरानवी म्हणाले की ज्या साक्षीत फेरफार झाला ती साक्ष आम्ही का मानावी? सभा तेथेच थांबली आणि दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. पैगंबरांचा विषय निघालाच नाही, कारण त्याआधीचा प्रश्न सुटला नव्हता: आपण दोघे कोणती साक्ष ग्राह्य धरतो?

हा प्रश्न आपल्या दर्शनांना जुना आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रात आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा, उपदेश हे शब्दप्रमाण, म्हणजे शब्दातून मिळणाऱ्या ज्ञानाचे साधन, मानले आहे, आणि वात्स्यायन त्यावर भाष्य करताना म्हणतो की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. त्याचे कूळ विचारायचे नाही. वेदांचा अर्थ लावणारे मीमांसक याच्या उलट म्हणतात की वेद कोणी सांगितलेलेच नाहीत, म्हणून सांगणाऱ्याची पारख करण्याचा प्रश्नच येत नाही. संदेष्टा कसा ओळखावा याच्या कसोट्या इतर परंपरांनीही दिल्या आहेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात म्हटले आहे की सांगितलेले घडले नाही तर तो संदेष्टा परमेश्वराचा नव्हे. त्याच ग्रंथात असेही आहे की चिन्ह खरे ठरले तरी तो अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये. ख्रिस्ती लोक पुनरुत्थानाकडे बोट दाखवतात. कुराण आव्हान देते की यासारखी एक तरी सूरा रचून आणा. प्रत्येकाची कसोटी त्याच्या घरातली आहे, आणि बाहेरच्या माणसाला ती आपोआप पटत नाही. वात्स्यायनाची कसोटी मला यांत सर्वांत न्याय्य वाटते, पण तिने निकाल लागतोच असे नाही, हेही मी कबूल करतो. ‘साक्षात जाणले’ हे आपण दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून पाहू शकत नाही.

निकाल लागत नाही म्हणून सत्य नाही, असा निष्कर्ष तुझ्या वयात फार लवकर निघतो. तो काढू नकोस. वधस्तंभावर काहीतरी एक घडले किंवा घडले नाही. आपल्याला ते निर्विवाद ठरवता आले नाही, तरी घडायचे ते घडून गेले आहे.

एकत्र राहण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागते, हेही खरे नव्हे. महात्मा फुले यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे, ज्यात बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि त्यांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे. फुल्यांची स्वतःची मते ठाम होती आणि धर्मग्रंथांतले त्यांना जे खोटे वाटले त्यावर त्यांनी कठोर टीका केली. तरीही हे कुटुंब एका छपराखाली राहते. त्या चौघांनी वाचून निवड केली आहे, ही गोष्ट मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

तेव्हा तू आता असे कर. तुझ्या ख्रिस्ती मैत्रिणीला विचार की मुसलमान ईसांविषयी काय मानतात ते तिने सांगावे, आणि मुसलमान मैत्रिणीने ऐकून दुरुस्त्या कराव्यात. मग उलट बाजूने तसेच होऊ दे. जिच्याविषयी बोलले गेले ती ‘हो, आम्ही हेच मानतो’ म्हणेपर्यंत कोणीही खंडनाला हात घालायचा नाही. अल्बेरूनी या मुस्लिम विद्वानाने 1030 च्या सुमारास हिंदूंविषयी लिहिताना हाच नियम पाळला: आपला ग्रंथ वादासाठी नाही, हिंदूंची मते ते मांडतात तशीच देईन, असे त्याने आरंभीच सांगितले. तू तिसरी म्हणून बसशील तेव्हा निवाडा न देता टिपणे काढ, आणि प्रत्येक विधानासमोर ते घटनेविषयी आहे, अर्थाविषयी आहे की कर्तव्याविषयी, एवढे लिही. ती टिपणे मला पाठव. निसा सूरेचे भाष्य आणि मत्तयाचे शेवटचे तीन अध्याय मीही त्याआधी पुन्हा वाचून ठेवतो, म्हणजे सुट्टीत येशील तेव्हा त्यावर सविस्तर बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुझे,
सर