जुन्या .३२ पिस्तुलात गोळी अडकते? आधी मॅगझिन बघा

परवान्यावर जुनं .३२ पिस्तूल घेतलंत, एक-दोन गोळ्या नीट सुटतात आणि पुढची बॅरलमध्ये जातच नाही, असं तुम्ही लिहिलंय. विकणारा म्हणतो, 'माझ्याकडं कधी अडकलं नाही.' तो तसं म्हणणारच. त्यानं उडवलं किती वेळा, तेही विचारा. आमच्या साताऱ्याकडं बरीच पिस्तुलं खंडेनवमीच्या पूजेपुरतीच कपाटाबाहेर येतात.

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. माझा पहिला संशय मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढून चेंबर, म्हणजे बॅरलमधली गोळी बसायची जागा, डोळ्यानं बघा आणि करंगळीनं चाचपा. क्रम उलटा केलात तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते.

आता नेमकं कुठं अडकतं ते बघा. स्लाइड काडतुसावरून नुसतीच पुढं निघून गेली, तर मॅगझिनची स्प्रिंग थकलीय किंवा मॅगझिन पूर्ण बसलेलं नाही. काडतुसाचं टोक खाली जाऊन धडकत असेल तर मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेत का ते तपासा. कधीतरी फरशीवर पडलेलं असतं. स्लाइड केसभर उघडी राहत असेल तर चेंबरमधली घाण किंवा स्लाइडची थकलेली स्प्रिंग. रिकामी पुंगळीच आत राहत असेल तर दुखणं वेगळं, तिथं एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, बघायचा.

.३२ ची एक खास खोड आहे. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागं गेली, की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि वरचं काडतूस पुढं सरकतच नाही. म्हणून प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढं बसलीय, हे बघत भरा. स्प्रिंग नवी असली तरी हे होतं, आणि लोक उगाच पिस्तुलाला दोष देतात.

आणि तेल! पिस्तुलाला खोबरेल लावणारे मी पाहिलेत. पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजायला लागतं. मग डिसेंबरात स्लाइड अडखळणार नाही तर काय? सगळं पुसून बंदुकीचं तेल लावा, तेही नावापुरतं. मॅगझिन आतून कोरडंच ठेवा.

एक करू नका. बॅरलच्या मागच्या टोकाला, गोळी आत शिरते तिथं, जो उतार असतो, त्याला कानस लावू नका. घासलेलं परत येत नाही. दुरुस्तीही परवानाधारक गनस्मिथकडंच करून घ्या, शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे त्या कामालाही परवाना लागतो. चाचणी शूटिंग रेंजवर, उसाच्या फडात नाही.

विकणाऱ्याकडं दुसरं मॅगझिन पडलंय का, तेवढं आजच विचारा. त्या मॅगझिननं गोळ्या सुरळीत गेल्या, तर पिस्तूल उघडायची गरजच नाही.