वाचकांचे प्रश्न : आपल्या स्विच-राउटरचे नेमके मॅन्युअल कोणते?

खानदेशातील वाचकांनी नेटवर्कच्या उपकरणांविषयी (संगणक एकमेकांना जोडणारा स्विच आणि नेटवर्क एकमेकांना जोडणारा राउटर) पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी एकाच गोष्टीकडे होता: माहिती भरपूर मिळते, पण ती आपल्या उपकरणाला लागू पडत नाही. त्यांतील काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सिस्कोचा कॅटलिस्ट २९६० हा जुना स्विच आहे. आधीच्या सरांनी वहीत लिहून ठेवलेल्या कमांड मी जशाच्या तशा दिल्या. परंतु ‘स्विचपोर्ट ट्रंक एनकॅप्सुलेशन डॉटवनक्यू’ या ओळीवर स्विच ‘इनव्हॅलिड इनपुट’ असे दाखवून अडतो. इंटरनेटवर याच कंपनीची कितीतरी मॅन्युअल सापडतात आणि त्यांतील काहींत ही कमांड चक्क दिलेली आहे. आमच्या स्विचसाठी खरे मॅन्युअल कोणते समजायचे?
— प्रयोगशाळा सहायक, शहादा

उत्तर : वहीतही चूक नाही आणि स्विचमध्येही दोष नाही, ती वही दुसऱ्या स्विचची आहे, एवढेच. ही ओळ कॅटलिस्ट ३५६० किंवा ३७५० यांसारख्या स्विचवर लागते, कारण ट्रंकमधून (अनेक व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कची, माहिती एकत्र नेणाऱ्या जोडणीतून) जाणाऱ्या फ्रेमवर (माहितीच्या तुकड्यावर) व्हीलॅनची खूण करण्याच्या दोन पद्धती त्या स्विचना येतात: सिस्कोची स्वतःची आयएसएल आणि सर्व कंपन्यांना समान असलेली ८०२.१क्यू. यांपैकी कोणती वापरायची हे आधी न सांगता पोर्ट ट्रंक करू गेल्यास ते स्विच नकार देतात. आपल्या २९६० ला ८०२.१क्यू ही एकच पद्धत येते, आणि निवडीचा प्रश्नच नसल्यामुळे निवडीची कमांडही त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली नाही. ती ओळ गाळून थेट ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ द्यावे.

यापुढे असे अडल्यास मॅन्युअल उघडण्यापूर्वी पडद्यावर नीट पाहावे. त्या संदेशाबरोबर ^ अशी एक बारीक खूण येते आणि ती ज्या अक्षराखाली असते तेथपासून पुढचे स्विचला समजलेले नसते. त्या जागेपर्यंतची कमांड पुन्हा टाइप करून, एक जागा सोडून प्रश्नचिन्ह दिले, की तेथे कोणकोणते शब्द चालतील याची यादी स्विच स्वतःच देतो. उपकरणाने दिलेली ही यादी कोणत्याही पुस्तकापेक्षा वरचढ मानावी, कारण ती त्याच उपकरणातील त्याच आवृत्तीची असते.

आता मॅन्युअलविषयी. शोधाच्या चौकटीत काही लिहिण्याआधी स्विचवर ‘शो व्हर्जन’ ही कमांड द्यावी आणि तिच्या उत्तरातील तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: पूर्ण मॉडेल क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि इमेजच्या (स्विच ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याच्या) फाइलचे नाव. ‘२९६०’ एवढे लिहून भागत नाही. २९६०, २९६०-एस, २९६०-प्लस आणि २९६०-एक्स ही वेगवेगळी उपकरणे असून कंपनीने त्यांची पुस्तकेही वेगळी ठेवली आहेत. आवृत्ती समजा १५.०(२)एसई११ अशी दिसली, तर १५.० ही मूळ आवृत्ती, कंसातील २ हा तिच्यातील पुढचा टप्पा, ‘एसई’ हे ती कोणत्या उपकरणांच्या गटासाठी काढली ते दाखवणारे अक्षरचिन्ह आणि शेवटचे ११ म्हणजे त्याच गटासाठी केलेली दुरुस्तीची फेरी. मॅन्युअल निवडताना मूळ आवृत्ती आणि अक्षरचिन्ह जुळणे महत्त्वाचे. शेवटच्या आकड्यात एखाद-दुसऱ्याचा फरक असला तरी सहसा बिघडत नाही. फाइलच्या नावाचाही उपयोग होतो. त्यात ‘के९’ ही अक्षरे नसतील, तर त्या इमेजमध्ये एन्क्रिप्शनची (माहिती सांकेतिक करण्याची) सोय नाही आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या) कमांड कितीही वेळा दिल्या तरी स्विच त्या ओळखणार नाही. अनेकांचा येथे सबंध दिवस वाया जातो.

एकाच आवृत्तीसाठी कंपनी अनेक प्रकारची पुस्तके काढते. कॉन्फिगरेशन गाइडमध्ये एखादी सोय काय आहे, तिच्या मर्यादा कोणत्या आणि ती कोणत्या क्रमाने चालू करायची हे असते. कमांड रेफरन्समध्ये प्रत्येक कमांडचे पर्याय, तिची मूळ स्थिती आणि ती कोणत्या मोडमध्ये द्यायची हे असते; तो शब्दकोशासारखा वापरायचा असतो, सलग वाचायचा नसतो. सिस्टिम मेसेज गाइडमध्ये लॉगमधील (उपकरण स्वतः ठेवते त्या नोंदींमधील) संदेशांचे अर्थ आणि त्यांवरचे उपाय मिळतात. रिलीज नोट्स मात्र बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि माझ्या मते पहिल्यांदा उघडायला हव्यात त्या त्याच. कोणत्या मॉडेलला ही आवृत्ती चालते, तिच्यात नवे काय आले, कोणते दोष अजून शिल्लक आहेत आणि कोणते दुरुस्त झाले, हे सारे तेथे एकत्र मिळते. गाइडप्रमाणे सर्व काही करूनही एखादी सोय चालत नसेल, तर कारण पुष्कळदा त्या शिल्लक दोषांच्या यादीत सापडते.

सरांची वही टाकून देऊ नये. तिच्या प्रत्येक पानावर ते कोणत्या मॉडेलचे आणि कोणत्या आवृत्तीचे आहे एवढे लिहून ठेवावे.

प्रश्न : मी रावेर तालुक्यात गावोगावी इंटरनेट जोडण्या देतो. ग्राहकांची लॉगिन मायक्रोटिक राउटरमध्येच पीपीपीओईने (ग्राहकाला नाव-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीने) ठेवली आहेत. राउटरचे सॉफ्टवेअर राउटरओएस ६ वरून ७ वर न्यायचे आहे. पण हाताशी असलेल्या सूचना ६ च्या आहेत आणि नव्या आवृत्तीत मेनूच बदललेले दिसतात. कोणत्या सूचना पाळाव्यात, आणि मुळात आवृत्ती बदलावी का?
— इंटरनेट व्यावसायिक, सावदा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चालत्या राउटरची मूळ आवृत्ती बदलण्यासाठी ठोस कारण असावे: एखादी सुरक्षाविषयक दुरुस्ती, नव्या उपकरणाचा आधार किंवा जी सोय ६ मध्ये नाहीच तिची गरज. कंपनीने सॉफ्टवेअरचे लाँग-टर्म, स्टेबल, टेस्टिंग असे वेगवेगळे प्रवाह ठेवले आहेत. ज्या राउटरवर ग्राहकांचे पैसे अवलंबून आहेत, त्यावर टेस्टिंगचा प्रयोग करू नये.

सूचनांच्या बाबतीत फरक असा, की मायक्रोटिकच्या जुन्या विकीवरील बरेचसे लेखन ६ व्या आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या काळातील आहे, तर ७ साठीचे लेखन कंपनीच्या नव्या मदत-संकेतस्थळावर आहे. शोध घेताना जुनी पाने अनेकदा वर येतात, त्यामुळे पान कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहूनच कमांड उचलावी. राउटिंगच्या विभागात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. उदाहरणार्थ, बीजीपीसाठी (वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीसाठी) ६ मध्ये ‘पीअर’ हा मेनू होता. ७ मध्ये त्याची जागा ‘कनेक्शन’ने घेतली आहे, आणि राउटिंग फिल्टर लिहिण्याची पद्धतही बदलली आहे. आपण स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट असतील तर त्या एकेक करून तपासाव्या लागतील. प्रत्येक आवृत्तीबरोबर येणारा चेंजलॉग (बदलांची यादी) आपल्या सध्याच्या आवृत्तीपासून पुढे क्रमाने वाचावा. केवळ शेवटच्या आवृत्तीचा वाचून भागत नाही.

आपल्यासारख्या व्यावसायिकाला सर्वांत महागात पडू शकेल अशी एक बारीक गोष्ट येथे सविस्तर सांगायला हवी. राउटरचे कॉन्फिगरेशन (त्यात केलेली सारी मांडणी) दोन प्रकारे काढून ठेवता येते. ‘बॅकअप’ने तयार होणारी फाइल बायनरी असते आणि ती मुख्यतः त्याच राउटरवर परत चढवण्यासाठी असते. ‘एक्स्पोर्ट’ने मिळते ती साधी मजकुराची फाइल, ती वाचता येते आणि गरज पडल्यास थोडे फेरफार करून दुसऱ्या राउटरवरही वापरता येते. राउटरओएस ६ मध्ये ‘एक्स्पोर्ट’ दिल्यावर पीपीपीओई ग्राहकांचे पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडे उमटत असत आणि ते लपवायचे असतील तर ‘हाइड-सेन्सिटिव्ह’ असे वेगळे सांगावे लागे. ७ मध्ये हे नेमके उलटे झाले आहे: पासवर्ड आपोआप वगळले जातात आणि हवे असतील तर ‘शो-सेन्सिटिव्ह’ जोडावे लागते. जुन्या सवयीने ७ वर नुसते ‘एक्स्पोर्ट’ घेऊन निर्धास्त राहिलात आणि पुढे विजेच्या कडकडाटात राउटर जळाला, तर नव्या राउटरवर सगळ्या ग्राहकांची नावे येतील आणि पासवर्ड एकाचाही येणार नाही. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या फाइल काढून त्या राउटरबाहेर संगणकावर ठेवाव्यात, मजकुराची फाइल उघडून एखाद्या ग्राहकाची ओळ डोळ्यांनी पाहावी, आणि पासवर्ड असलेली ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणालाही पाठवू नये.

दूरच्या टॉवरवरील राउटरमध्ये बदल करताना टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबून सेफ मोड चालू करावा. त्यात असताना आपल्याच चुकीने जोडणी तुटली, तर त्या बैठकीतील बदल राउटर आपोआप मागे घेतो आणि आपली मोटरसायकलची फेरी वाचते. काम झाल्यावर पुन्हा तीच बटणे दाबून सेफ मोडमधून बाहेर पडावे, नाहीतर विंडो बंद करताच केलेले सर्व बदल पुसले जातात.

प्रश्न : आमच्या डाळ मिलच्या कार्यालयातील स्विच एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी बंद पडतो आणि संध्याकाळी पुन्हा चालू होतो. विक्रेता फर्मवेअर (स्विचमधील सॉफ्टवेअर) बदलायला सांगतो. त्याचे म्हणणे खरे कसे पडताळावे?
— मिल व्यवस्थापक, जळगाव

उत्तर : फर्मवेअरला दुपार आणि संध्याकाळ कळत नाही. यासाठी सॉफ्टवेअरचे मॅन्युअल बाजूला ठेवून उपकरणाची डेटाशीट काढावी आणि तिच्यात ‘ऑपरेटिंग टेंपरेचर’ हा रकाना पाहावा. लहान कार्यालयांसाठीच्या पुष्कळ स्विचमध्ये ही कमाल मर्यादा ४० किंवा ४५ अंश सेल्सिअस असते. शेजारीच ‘स्टोरेज टेंपरेचर’ हा रकाना असतो आणि त्यात ७० सारखा आकडा दिसतो. तो बंद ठेवलेल्या उपकरणासाठी आहे, चालत्या उपकरणासाठी नाही. विक्रेते कधी कधी तोच दाखवतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली काचेचे दार लावलेल्या भिंतीवरच्या रॅकमध्ये त्याहून अधिक उष्णता साठते. डेटाशीटमधील आकडा स्विचच्या भोवतालच्या हवेचा असतो, म्हणून थर्मामीटर खोलीत न लावता रॅकच्या आत लावावा.

तरीही एक शक्यता तपासावी लागेल. मिलची यंत्रे दुपारी पूर्ण भाराने चालत असतील, तर विजेचा दाब घसरूनही स्विच बंद पडू शकतो. स्विच सिस्कोचा असेल तर तो पुन्हा चालू झाल्यावर ‘शो व्हर्जन’च्या उत्तरात तो किती वेळ चालू आहे आणि मागच्या वेळी कोणत्या कारणाने सुरू झाला हे दिसते, तेथे ‘पॉवर-ऑन’ असेल तर वीज खंडित झाली होती असे समजावे. स्विचच्या स्मृतीतील लॉग बंद पडताच पुसला जातो, त्यामुळे तो एखाद्या संगणकावर पाठवण्याची सिसलॉगची सोय आधीच करून ठेवावी. हे पुरावे हाती आल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. कमांड रेफरन्समधील कंस, उभ्या रेषा आणि तिरपी अक्षरे पाहून गोंधळ होतो. हे वाचायचे कसे? आणि आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे तांत्रिक दस्तऐवज) वाचणे गरजेचे आहे का?
— विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : सिस्कोच्या पुस्तकांत ठळक अक्षरांतील शब्द जसाच्या तसा टाइप करायचा असतो आणि तिरप्या अक्षरांच्या जागी आपली किंमत, म्हणजे आयपी पत्ता, व्हीलॅनचा क्रमांक असे काही, घालायची असते. चौकोनी कंसातील भाग ऐच्छिक असतो. महिरपी कंसातील पर्यायांपैकी एक द्यावाच लागतो. उभी रेषा ‘हा किंवा तो’ असे सांगते. कंस स्वतः टाइप करायचे नसतात, हे नवख्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. ही खूणगाठ प्रत्येक पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापलेली असते, पण प्रस्तावना कोण वाचतो!

ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांचे जुनॉस हे सॉफ्टवेअर हाताळायला मिळाले, तर तेथे ‘हेल्प टॉपिक’ आणि ‘हेल्प रेफरन्स’ या कमांड देऊन पाहा; पुस्तकाचा बराच भाग उपकरणाच्या आतच सापडेल आणि इंटरनेट नसतानाही वाचता येईल.

आरएफसीमध्ये प्रोटोकॉल (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) कसा वागतो ते असते, कोणत्या कंपनीची कमांड कोणती ते नसते. ओएसपीएफची (राउटरांनी आपसात मार्ग ठरवण्याच्या प्रोटोकॉलची) दुसरी आवृत्ती सांगणारी आरएफसी २३२८ ही १९९८ सालची आणि २४४ पानांची आहे. ती परीक्षेच्या आदल्या रात्री उघडू नये. शेजारी राउटर कोणत्या अवस्थांतून जात जात जोडले जातात तेवढाच भाग वाचला आणि प्रयोगशाळेत दोन राउटर जोडून त्या अवस्था पडद्यावर पाहिल्या, तरी पुष्कळ काही हाती लागेल. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाल्यावर बदलत नाही. बदल हवा असेल तर नव्या क्रमांकाची येते, म्हणून वर ‘ऑब्सोलीटेड बाय’ असे लिहिले आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतील राउटर जुना झाला असून कंपनीने त्याचा आधार थांबवला आहे. सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेल्यास करार मागतात. मॅन्युअलही उद्या काढून टाकतील का?
— शाखाधिकारी, चाळीसगाव

उत्तर : सिस्कोसारख्या कंपनीची मॅन्युअल साधारणपणे कोणालाही मोफत वाचता येतात, करार लागतो तो सॉफ्टवेअरसाठी. मात्र जुनी पाने हलतात, पत्ते बदलतात, त्यामुळे गाइड, रिलीज नोट्स आणि डेटाशीट यांच्या पीडीएफ आजच उतरवून राउटरच्या कॉन्फिगरेशनच्या फाइलबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

कंपनी एखादे उपकरण बंद करताना तारखांची घोषणा करते. विक्री थांबण्याची, सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या थांबण्याची आणि सर्व आधार थांबण्याची तारीख वेगवेगळी असते. आपण यांपैकी कोणत्या तारखेच्या पुढे गेलो आहोत ते त्या घोषणेत पाहावे. दुरुस्त्या चालू असतील, तर सिस्कोच्या सुरक्षा-सूचनापत्रात नमूद केलेली दुरुस्ती करार नसतानाही कंपनीच्या मदत-केंद्राकडे त्या सूचनापत्राचा संकेतस्थळावरील पत्ता आणि राउटरचा अनुक्रमांक देऊन मागता येते. शेवटची तारीखही उलटली असेल, तर ती घोषणा छापून संचालक मंडळापुढे नव्या राउटरच्या प्रस्तावाला जोडावी. पैशांचे व्यवहार त्या राउटरमधून जातात, तेव्हा लेखापरीक्षकही हाच कागद मागतील.